दोन मुठी आणि एक खडा

फिलॅम्मोनने बाळाची मांडी चिमटीत धरून दाबली, तेव्हा देवळासमोरच्या चौकातली दोन-तीनशे माणसं श्वास रोखून बघत होती. बाळ किंचाळलं. फिलॅम्मोनने मान डोलावली, बाळाचं तोंड उघडलं आणि बोटाने हिरड्या चाचपल्या. वासरू विकत घेताना आमच्याकडचे शेतकरी अगदी हेच करतात, पण त्या दिवशी चौकात एकालाही वासरू आठवलं नाही.

"बोलतेय," तो डोळे मिटून म्हणाला. "आत संख्या बोलतेय. कुणी खोकू नका."

एका म्हाताऱ्याला नेमका त्याच वेळी खोकला आला. शेजारच्याने त्याच्या तोंडावर हात दाबला.

बाळ होतं ताएसिस नावाच्या विणकरणीचं. सात दिवसांची मुलगी, गुबगुबीत आणि रडायला लागली की कालव्यापलीकडे ऐकू जाईल अशा छातीची. ताएसिस आणि तिचा नवरा पाबूस दोघंही तागाचं कापड विणायचे. त्यांना तीन वर्षांचा एक मुलगा होता, कायम छातीने बेजार. नवं मूल घरात घ्यायचं की उकिरड्यावर ठेवायचं हे आमच्याकडे बाप ठरवतो. मी हे अभिमानाने सांगत नाही, लाजेनेही सांगत नाही, कारण तेव्हा मला त्याची लाज वाटत नव्हती. नाईलकाठच्या प्रत्येक गावाबाहेर असा एक उकिरडा आहे, आणि तिथून उचललेलं मूल उचलणाऱ्याचं होतं. फिलॅम्मोन येण्याआधी बाप आपल्या अकलेने ठरवायचे. तो आल्यापासून ते त्याला विचारून ठरवू लागले.

त्याचं म्हणणं असं की प्रत्येक जिवाची एक संख्या असते आणि संख्या तीन जातीच्या. एक पुरती, म्हणजे तिला ज्यांनी ज्यांनी नेमका भाग जातो त्या लहान आकड्यांची बेरीज तिच्याइतकीच भरते. सहाला एक, दोन आणि तीन यांनी भाग जातो, बेरीज सहाच. दुसरी वरकड, तिच्या भागांची बेरीज तिच्याहून जास्त होते. बारा बघा: एक, दोन, तीन, चार, सहा, बेरीज सोळा. तिसरी तोकडी, तिची बेरीज कमी पडते. दहाला एक, दोन, पाच, आठच झाले.

इथवर सगळं खरं आहे. मी शाळेत हेच शिकवतो. पुढचं त्याचं स्वतःचं होतं.

"तोकडं मूल वाईट नसतं, बाबांनो," तो गोड आवाजात सांगायचा. "बिचारं अपुरं असतं. पण अपुरं आहे म्हटल्यावर भरपाई कुठून करणार? घरातल्याच आयुष्यातून. भावाच्या श्वासातून थोडं, आईच्या रक्तातून थोडं. मी कुणाला टाका म्हणत नाही. मी आपला आकडा सांगतो. निर्णय बापाचा."

हे म्हणताना त्याने पाबूसच्या कडेवरच्या मुलाकडे बघितलं. मुलाची छाती घरघरत होती.

मग धूप पेटला. धूर डावीकडे गेला तर एक विधी, उजवीकडे गेला तर दुसरा. धूर डावीकडे गेला.

"दोन मुठींचा विधी," फिलॅम्मोन म्हणाला. "बापाने हंडीतून मूठभर खडे घ्यायचे. कितीही. माझं काही म्हणणं नाही. आई तेवढेच खडे घालेल, कारण मुलात दोघांचा वाटा सारखा. आणि वर एक खडा देवाचा."

पाबूसने मूठ भरली. बावीस निघाले. ताएसिसने बावीस मोजून घातले. वर देवाचा एक. खडे अजून चादरीवर नीट पसरलेही नव्हते, तोच फिलॅम्मोनने चेहरा झाकून घेतला.

"तोकडी," तो म्हणाला. "अरेरे. चांगलीच तोकडी."

मग सावकाश मोजणी झाली. पंचेचाळीस खडे. तीन-तीनच्या रांगा जमल्या, पाच-पाचच्या जमल्या, नऊ-नऊच्या, पंधरा-पंधराच्या. एक धरून बेरीज तेहेतीस. बारा कमी. मोजायच्या आधीच याला कळलं कसं, म्हणून लोकांनी तोंडात बोटं घातली.

लगेच पुढचं बाळ आलं, तेलाच्या घाण्याचा मालक क्रोनिओन याचा नातू. निळसर ओठांचं, रडायचंही त्राण नसलेलं पोर. त्याची मांडी फिलॅम्मोनने एकदाच दाबली आणि सोडून दिली. धूर उजवीकडे गेला. "सहा पायऱ्यांचा विधी." बापाच्या मुठीत सतरा खडे निघाले, तेवढेच सहाही पायऱ्यांवर मांडले. एकशे दोन. "वरकड," मोजायच्या आधीच निकाल. भागांची बेरीज एकशे चौदा. क्रोनिओन रडायला लागला, लोक त्याच्या पाया पडायला लागले, जणू आकडा त्यानेच जन्माला घातला होता.

मी गर्दीत उभा होतो. दोन्ही बेरजा मनातल्या मनात तपासल्या. बरोबर होत्या. बेरजा बरोबर आहेत म्हटल्यावर मी समाधानाने शाळेत परत आलो आणि कांदा-भाकर खाल्ली.

दुपारी ताएसिस आली. सात दिवसांची बाळंतीण, भिंतीला धरून चालत होती. पदरात मसूर बांधलेले होते. मुलांना मी बाहेर पिटाळलं.

"गुरुजी, तुम्ही होतात ना सकाळी?"

"होतो."

"मग हे बघा." तिने मसूर जमिनीवर ओतले. "मी घरी जाऊन दहापासून सुरुवात केली. दहा बापाचे, दहा आईचे, एक देवाचा. तोकडी. अकरा घेतले. तोकडी. बारा, तेरा, चौदा... चाळीसपर्यंत गेले मी. एकदा तरी वरकड यावी की नाही? एकदाही नाही आली."

ती मसूर बोटाने लोटत बोलत राहिली.

"मागावर ताणा लावताना धागे सारखे वाटून घ्यावे लागतात. जोडीत बसले तर पुढे चारात, सहातही बसायची सोय राहते. एक धागा जास्त झाला की निम्मी वाटणीच मोडते. मग हातात भाग उरतात थोडे, आणि तेही बारके. माझ्या आजीने मला पहिल्या दिवशी शिकवलंय हे. तो देवाचा खडा आहे ना, तोच तो एक जास्तीचा धागा आहे, गुरुजी. आम्ही बावीस घेतले काय नि तीस घेतले काय, त्याने मुद्दाम वाटणी मोडली."

"आणि सहा पायऱ्या?"

"सहाने गुणल्यावर सगळं बसतंच की. निम्मं बसतं, तिसरा हिस्सा बसतो, सहावा बसतो. तेवढ्यांचीच बेरीज मूळ आकड्याइतकी झाली. वर तो एक आहेच. म्हणजे वरकडच." तिने बावीस दाणे बाजूला काढले. "आमचे बावीस त्या पायऱ्यांवर मांडले असते तर?"

मी मनात केलं. एकशे बत्तीस. भागांची बेरीज दोनशे चार.

"वरकड," मी म्हणालो. "भरपूर वरकड."

"तेच बाळ. तीच मूठ." तिने माझ्याकडे बघितलं. "आणि धूर म्हणाल तर तो वाऱ्याच्या बाजूला झगा पसरून उभा राहतो. मी पुढेच होते. आणखी एक सांगू? नाईलच्या पुराच्या दिवसांत आमच्या गल्लीतली तीन पोरं तोकडी निघाली, तिन्ही धडधाकट. मरतुकडी सगळी वरकड. मरतुकडं पोर उचलून कोण काय करणार?"

मला हे सांगताना अजून कानशिलं गरम होतात. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईने मसुराच्या दाण्यांवर अर्ध्या दिवसात जे पकडलं, ते मी, ज्याला गाव गुरुजी म्हणतं, बेरजा बरोबर आहेत म्हणून सोडून आलो होतो.

"पाबूसला सांगितलंस?"

"सांगितलं. तो म्हणतो, तू आई आहेस, तू काहीही म्हणशील. थोरल्याच्या छातीवर हात ठेवून रडत बसलाय. परवा उजाडताना तिला नेणार आहे. तुमचं ऐकेल तो, गुरुजी. त्याची पत्रं तुम्हीच वाचता. नुसतं चला नि सांगा की हा माणूस खोटा आहे."

मी उठायला हवं होतं. घर चार गल्ल्यांवर होतं.

पण मी म्हणालो, "चाळीसपर्यंत बघितलंस तू. चाळीसच्या पुढे काय?"

"म्हणजे?"

"म्हणजे एकांडी, जोड्या लावल्या की एक उरतोच अशी संख्या कधीच वरकड नसते, हे सिद्ध कुठे झालंय? उद्या चौकात मी उभा राहिलो, आणि फिलॅम्मोनने एखादी एकांडी वरकड संख्या काढून दाखवली, तर माझी शोभा होईल. मला दोन दिवस दे. नीट तपासतो."

ती मग मसूर गोळा करायला लागली, एकेक दाणा.

"परवा उजाडायच्या आत," ती म्हणाली.

"हो, हो."

मी शाळेला सुट्टी दिली. मातीच्या भांड्यांच्या खापऱ्यांवर आकडे लिहीत बसलो. खरं सांगतो, ते दोन दिवस माझ्या आयुष्यातले फार सुखाचे गेले. एकांड्या संख्या एकामागून एक तोकड्या निघत होत्या. मग मी तीन, पाच, सात यांचे गुणाकार घेऊन वर चढलो. तीनशे पंधरा जवळ आली आणि सहानेच कमी पडली. मी भाकर खायला विसरलो. तिसऱ्या दिवशी सकाळी, ऊन अंगणात आल्यावर, मला ती सापडली: नऊशे पंचेचाळीस. भागांची बेरीज नऊशे पंचाहत्तर. तीसने वरकड! तिच्याखाली एकही नाही. मी एकटाच हसलो. टाळी वाजवली.

मग अंगणातल्या उन्हाकडे लक्ष गेलं.

खापरी हातात घेऊन मी धावत ताएसिसच्या घरी गेलो. माग बंद होता. पाबूस उंबऱ्यात बसला होता, हात मनगटापर्यंत धुतलेले, तरी तो ते पुसत होता. ताएसिस आत जमिनीवर होती. लुगड्यावर छातीपाशी दोन ओले डाग पडले होते.

"सापडलं," मी म्हणालो. माझ्या तोंडून पहिला शब्द हाच निघाला. "नऊशे पंचेचाळीसच्या आत एकही एकांडी संख्या वरकड नाही. तुझं बरोबर होतं."

तिने मान वर केली.

"मुठीत मावतात का हो तेवढे खडे, गुरुजी?"

मावत नाहीत. मोठ्यात मोठ्या मुठीत चाळीस मावतात, आणि चाळीसपर्यंत ती मोजूनच आली होती. तिचा पुरावा पुरा होता. अपुरा मी होतो.

उकिरड्यावर आम्ही तिघं गेलो. तागाचा एक तुकडा पडला होता, ताएसिसनेच विणलेला, त्याचा काठ तिने लांबूनच ओळखला. कुत्री नव्हती, रक्त नव्हतं. पाबूस गुडघ्यावर बसून हाताने राख उकरायला लागला. मी त्याला उठवून घाटाशेजारच्या दाईकडे नेलं. ही तसोइस नावाची बाई भाड्याने पोरांना दूध पाजायची. दारात दुधाच्या वासाची चार रिकामी टोपली होती.

"होडी गेली की," ती म्हणाली. तिला लपवायचं काही वाटलंच नाही. "सूर्य उगवला तेव्हाच गेली अलेक्झांड्रियाला. चार पोरं होती. तिकडे तीन महिने पाजायची, नि जरा मोठी झाली की विकायची. तुमचीच होती का त्यात? फार रडत होती एक. दूध मात्र दणकून प्यायली."

"होडी कुणाची?" मी विचारलं.

"फिलॅम्मोन महाराजांची. का? उकिरड्यावरचं उचललं तर चोरी होत नाही, गुरुजी. तुम्हाला तर कायदा माहीत."

मला माहीत होता.

त्याच दिवशी दुपारी मी चौकात उभा राहिलो. फिलॅम्मोनची चादर पसरलेली होती आणि एक जोडपं बाळ घेऊन बसलं होतं. मी गर्दीकडे पाठ केली आणि मोठ्याने म्हणालो, "कुणीही मूठभर खडे घ्या. मला दाखवू नका. तेवढेच आणखी घाला, वर एक टाका. मी न बघता सांगतो, तोकडी."

लोक हसले. एकाने एकतीस घेतले. त्रेसष्ट झाले. भागांची बेरीज एक्केचाळीस. दुसऱ्याने घेतले, तिसऱ्याने घेतले. तोकडी, तोकडी.

"आता तेच खडे सहा पायऱ्यांवर मांडा. वरकड." आणि प्रत्येक वेळी वरकड निघाली. "हे मला सेरापिस देव सांगत नाही. मी पाठ करून उभा आहे, मला धूरही दिसत नाही. हा विधी असा रचलाय की दोन मुठींत कुणीही तोकडंच निघणार आणि सहा पायऱ्यांवर कुणीही वरकडच निघणार. मूल कोणतं आहे याचा काही संबंध नाही. कोणता विधी करायचा तेवढं हा ठरवतो, आणि ते तो मांडी दाबून ठरवतो. जे जगेल, विकलं जाईल, ते याला हवं असतं. त्याची होडी आज सकाळी चार पोरं घेऊन गेली. घाटावर जाऊन विचारा."

समोरचं जोडपं उठलं आणि बाळाला कवटाळून चालतं झालं. माझ्या दोन दिवसांच्या हुशारीने वाचलेलं तेवढंच एक मूल.

मला वाटलं होतं, आता लोक फिलॅम्मोनवर तुटून पडतील. ते चादरीवरच्या खड्यांकडे बघत राहिले. मग पाणी वाहणारी हेराइस पुढे आली. गेल्या हिवाळ्यात तिने आपली मुलगी टाकली होती.

"गुरुजी, माझ्या वेळी दोन मुठी झाल्या होत्या."

"हो."

"मग माझी तोकडी नव्हती?"

"तुझी कशीच नव्हती, हेराइस. तू काहीही घेतलं असतंस तरी तेच निघालं असतं."

"म्हणजे मी उगाच..." ती खाली वाकली. चादरीवरचाच एक खडा उचलला आणि माझ्या तोंडावर मारला.

मग बाकीचे वाकले. मी भुवई फुटून खाली पडलो तेव्हा मला नीट दिसत होतं की कोण मारतंय. ज्यांच्या घरची पोरं वरकड निघाली होती ते लांब उभे होते. मारत होते ते सगळे ज्यांनी दोन मुठी भरल्या होत्या. त्यांना फिलॅम्मोन खरा असणं गरजेचं होतं. तो खोटा निघाला तर आपण काय केलं याचं उत्तर त्यांना द्यावं लागलं असतं, तेही रोज, घरात बसून. मला मारणं त्या मानाने सोपं होतं. पाबूसही त्यांच्यात होता. त्याच्या हातात दगड होता आणि तो रडत होता.

फिलॅम्मोनने शांतपणे चादर गुंडाळली, हंडी काखेत मारली आणि निघून गेला. ऐकलं की वरच्या बाजूच्या गावात त्याचं बरं चाललंय. तिथे आता तो तीन मुठी आणि दोन खडे घ्यायला लावतो म्हणे, आणि बापाला एकांडाच आकडा घ्यायला सांगतो. एकांड्याची तिप्पट पुन्हा एकांडीच, त्यात दोन मिळवले तरी एकांडीच. माणूस शिकलेला आहे.

ताएसिस मला उचलायला आली नाही. पंधरा दिवसांनी शाळेच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मला आकडे लिहायला शिकवा. अलेक्झांड्रियाला जाऊन विचारत फिरायचंय, तर तारीख आणि होडीचं नाव लिहिता आलं पाहिजे." मी शिकवलं. चार महिन्यांत ती शिकली आणि गेली. परत आली नाही. तिची मुलगी सापडली की नाही, मला माहीत नाही, आणि माहीत आहे असं सांगून मी तुमचं मन हलकं करणार नाही.

माझ्याकडे नवी मुलं येतात तेव्हा पहिल्या दिवशी मी त्यांना दोन मुठी आणि एक खडा घ्यायला लावतो. कुणी आकडा दाखवून तुम्हाला घाबरवलं, तर आकडा बरोबर आहे का एवढंच तपासू नका; मी तेवढंच तपासलं होतं. हा विधी कुणी निवडला ते विचारा. उत्तर दुसरं आलं असतं का ते विचारा, आणि करून बघा, मसूर घरात असतातच. पण मूल उकिरड्यावर असेल, तर आधी मूल उचला. मोजायला नंतर बसा.